नदीकाठची परकी झाडं आणि कीटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणीच्या काठाने आम्ही काही जण सुट्टीच्या सकाळी कीटक बघत फिरतो. सोबत येणारे लोक नंतर फोटो पाठवतात, शंका विचारतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. नदीकाठ तर हिरवागार दिसतो, फुलंही भरपूर आहेत. मग कीटक कमी झाले असं तुम्ही कशावरून म्हणता?

फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला, काही क्षणांपुरतं. त्याआधीचे कित्येक दिवस ते अळी म्हणून पानावर काढतं, आणि अळीला वाटेल ते पान चालत नाही. कॉमन लेपर्ड नावाचं नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू वाळुंजाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. प्लेन टायगरला रुई लागते. करंजाच्या कोवळ्या पालवीवर बँडेड ऑलच्या अळ्या वाढतात. काठावरचा वाळुंज गेला आणि तिथे सुबाभूळ आली, तर दुरून हिरवा रंग तेवढाच दिसतो, पण त्या पानावर अंडं घालायला कॉमन लेपर्ड येणार नाही.

म्हणून आम्ही फुलांइतकंच पानांकडे बघतो. पानाला भोकं आहेत का, कडा कुरतडलेल्या आहेत का, खालच्या बाजूला अंडी आहेत का? जुन्या करंजाखाली दहा पानं उलटली तर बहुतेक प्रत्येकावर कुणाची तरी खूण सापडते: गाठी, पांढऱ्या रेषा, गुंडाळलेली टोकं. शेजारच्या घाणेरीची दहा पानं त्या मानाने फारच कोरी असतात.

२. परदेशी झाड म्हणजे वाईटच का?

अजिबात नाही. मिरची, पेरू, सीताफळ, टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडातून आलं आणि आपल्या शेतात नांदतंय. आक्रमक म्हणायचं ते अशा वनस्पतीला, जी कुणी न लावता आपणहून पसरते आणि तिथल्या बाकीच्या झाडोऱ्याला जागाच ठेवत नाही. यामागे एक मोठं कारण असं की मूळ देशात तिला खाणारे कीटक, तिला रोगी करणाऱ्या बुरश्या तिकडेच राहून जातात आणि इथे तिला कुणी हात लावत नाही. कीटकांच्या दृष्टीने मेख इथेच आहे. ज्या वनस्पतीला इथले कीटक खात नाहीत ती जोमाने वाढते, आणि ती जितकी वाढेल तितकं कीटकांचं अन्न घटतं.

३. डोंगरावर, शेतातही ही झाडं आहेत. मग नदीकाठाचीच काळजी का?

दोन कारणं. पहिलं म्हणजे नदी स्वतः बी वाहून नेते. दर पावसाळ्यात पूर काठ खरवडून काढतो, उघडी गाळाची जमीन मागे ठेवतो, आणि सांडपाण्यामुळे तिला वर्षभर खत-पाणी मिळतं. अशा जमिनीवर सगळ्यात आधी पोहोचतं ते गाजरगवत.

दुसरं कारण कीटकांच्या बाजूचं आहे. चतुर, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद), मेफ्लाय, कॅडिस माश्या अशा कीटकांचं बालपण पाण्यात जातं आणि तारुण्य काठावर. पाण्यातून बाहेर यायला त्यांना गवताची काडी किंवा दगड लागतो, पंख वाळेपर्यंत आडोसा लागतो, नंतर शिकारीला जागा लागते. पाणी किंवा काठ, यातलं एक जरी बिघडलं तरी आयुष्याची साखळी तुटते.

४. पुण्याच्या नद्यांवर नेमक्या कोणत्या आक्रमक वनस्पती आहेत?

पाण्यात जलपर्णी आणि कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी पिस्टिया. चिखलाच्या कडेला अ‍ॅलिगेटर वीड आणि जांभळ्या-गुलाबी फुलांचं बेशरम. काठावर गाजरगवत (गावाकडे त्याला काँग्रेस म्हणतात), घाणेरी म्हणजेच टणटणी, सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि रानतुळस.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. सुंदर फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आणली गेली. घाणेरी त्याच शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. गाजरगवताची पहिली ठळक नोंद तर आपल्या पुण्यातलीच, १९५५ सालची. पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरलं.

५. जलपर्णीच्या गालिच्याखाली पाण्यात काय होतं?

एका ट्रेची गोष्ट सांगतो. जलपर्णीचा एक गड्डा कडेने हळूच उचलायचा आणि त्याच्या काळ्या, पिसासारख्या मुळ्या पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन झटकायच्या. गड्डा गालिच्याच्या कडेचा असेल, म्हणजे शेजारी मोकळं पाणी आणि ऊन असेल, तर ट्रेमध्ये बरंच काही वळवळतं: टाचणीची पिल्लं (शेपटीला तीन पानांसारखे कल्ले), छोटे पाणभुंगेरे, गोगलगायी, पाणढेकूण. तोच प्रयोग गालिच्याच्या मध्यावर, जिथे पाऊल टाकलं तरी पाणी दिसत नाही अशा ठिकाणी केला, तर ट्रेमध्ये उरतात लाल सुतासारख्या अळ्या आणि लांब शेपटीच्या मळकट अळ्या.

लाल अळी कायरोनोमिड माशीची. तिच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तिचं भागतं. लांब शेपटीची अळी त्या शेपटीची नळी पाण्यावर काढून हवा घेते. मेफ्लायच्या पिल्लाकडे असलं काही नाही. त्याचे नाजूक कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना उघडे असतात आणि त्याला पाण्यात विरघळलेलाच ऑक्सिजन हवा. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिस माशीची अळीही अशीच.

दाट गालिचा ऊन अडवतो. ऊन नाही म्हणून शेवाळ आणि पाण्याखालच्या वनस्पती मरतात, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन सोडणारेच जातात. वाऱ्याने पाणी हलत नाही, त्यामुळे हवेतला ऑक्सिजनही मिसळत नाही. वरून कुजलेली पानं तळाशी जातात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातात. थोडी, विखुरलेली जलपर्णी आसरा देते, पूर्ण झाकलेलं पात्र गुदमरतं. म्हणून ‘जलपर्णीत कीटक असतात की नसतात’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. किती पाणी झाकलंय ते आधी सांगावं लागतं.

६. पण जलपर्णीच्या पानांवर चतुर बसलेले आम्ही स्वतः पाहिलेत!

बसतात, बरोबर आहे. टेहळणीला पान सोयीचं पडतं. प्रश्न अंड्यांचा आहे. टाचण्या वनस्पतीच्या देठाला बारीक चीर पाडून आत अंडी घालतात. त्यांना जलपर्णीचा देठही चालून जातो. पण आपल्या ओळखीचे बहुतेक चतुर उडता उडता शेपटीचं टोक मोकळ्या पाण्यावर टेकवत अंडी सोडतात. त्यांना पाणी ओळखू येतं ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकाशामुळे, आणि गालिच्याखाली तो प्रकाशच नाहीसा होतो. पावसाच्या सुमारास झुंडीने दिसणारा, समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाणारा भटका चतुरही मोकळ्या पाण्यावरच अंडी घालतो. तेव्हा बसलेला चतुर मोजण्यापेक्षा अंडी घालणारा चतुर मोजा. संख्या वेगळीच येईल.

७. जलपर्णीमुळे डास वाढतात हे खरं का?

हो, आणि एका जातीच्या बाबतीत तर अगदी थेट. मॅन्सोनिया डासाची अळी श्वास घ्यायला पाण्यावर येतच नाही. ती आपली टोकदार श्वासनळी जलपर्णीच्या किंवा पिस्टियाच्या मुळीत खुपसते आणि मुळीतली हवा घेते. या वनस्पती काढल्या की तिचा आधारच जातो. पुण्यात संध्याकाळी चावणारे बहुतेक डास मात्र क्युलेक्सचे, घाण साचलेल्या पाण्यातले. गालिचा त्यांना संथ पाणी आणि सावली देतो, शिवाय डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुराची पिल्लं तिथे कमी होतात. नुसती जलपर्णी काढून सांडपाणी तसंच ठेवलं तर क्युलेक्स राहणारच.

८. जलपर्णी पाणी शुद्ध करते असंही वाचलंय. मग राहू द्यावी का?

ती पाण्यातलं नत्र, स्फुरद आणि काही जड धातू शोषून घेते, हे खरं. पण घेतलेलं तिच्या अंगातच राहतं. वेळेवर बाहेर काढली तर पाणी तेवढं हलकं होतं, तिथेच कुजू दिली तर सगळं परत पाण्यात. बांधीव टाकीत, ठरावीक दिवसांनी उपसत वापरणं हा एक प्रकार. वाहत्या नदीत मोकाट सोडणं हा त्याच्या उलटा.

९. मग खरा दोष कुणाचा, सांडपाण्याचा की जलपर्णीचा?

माझं मत स्पष्ट आहे: पुण्याखालच्या मुळा-मुठेत मूळ दुखणं सांडपाण्याचं आहे. मेफ्लायसारखे नाजूक कीटक जलपर्णी दाटण्याआधीच मैल्याने हटलेले असतात. त्या मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसली जाते आणि उरलेल्यांचं जगणं अवघड करते. अनुकूल दिवसांत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. थंडी ओसरली की वाढीला लागते, एप्रिल-मेमध्ये पूल ते पूल पसरते आणि पावसाळ्यात पुराबरोबर भीमेकडे निघून जाते. गाळात तिचं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवर्षी यंत्रं लावून काढणं गरजेचं आहेच, पण नाल्यांचं पाणी शुद्ध होऊन नदीत येत नाही तोवर हे काम संपणार नाही.

धरणाच्या वर, सह्याद्रीतल्या ओढ्यांवर परिस्थिती वेगळी आहे. तिथे पाणी स्वच्छ, पण काठावर घाणेरी आणि रानमोडी शिरते आहे. परक्या वनस्पतींचा स्वतःचा परिणाम तिथे जास्त स्वच्छ दिसतो.

१०. घाणेरीवर तर सगळ्यात जास्त फुलपाखरं दिसतात. ती का काढायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं निरीक्षण चुकीचं नसतं. घाणेरीचा एक गुच्छ जवळून बघा. मधली नवी फुलं पिवळी, कडेची जुनी फुलं गुलाबी किंवा नारिंगी. फूल जुनं झालं की रंग बदलतो, आणि फुलपाखराला हे माहीत असल्यासारखी त्याची सोंड पिवळ्या फुलांतच जाते, कारण मध तिथे असतो. जवळजवळ वर्षभर फुलणारी अशी खानावळ असल्यावर गर्दी होणारच.

पण त्या गर्दीतलं एकही फुलपाखरू त्या पानावर अंडं घालताना दिसतं का, ते बघा. ती येतात आसपासच्या करंजावरून, उंबरावरून, गवतातून. घाणेरीची जाळी वाढत गेली की तिच्या सावलीत गवत आणि छोटी झुडपं मरतात, नवी रोपं रुजत नाहीत. इव्हनिंग ब्राऊनसारख्या गवतावर वाढणाऱ्या फुलपाखरांचं घर असं हळूहळू जातं. मध पिणारे मात्र दूरवरूनही येत राहतात, त्यामुळे पुढची पिढी कमी झाल्याचं पटकन ध्यानात येत नाही. तरीही ती एकदम काढू नका, का ते प्रश्न १५ मध्ये.

११. गाजरगवताने कीटकांचं काय बिघडतं? त्याला तर पांढरी फुलं येतात.

त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून पार्थेनिन नावाचं रसायन मातीत उतरतं, आणि आजूबाजूच्या वनस्पतींचं उगवणं मंदावतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. नदीकाठच्या मोकळ्या पट्ट्यात जिथे टाकळा, लव्हाळं, आघाडा, रानतीळ असं दहा तऱ्हेचं काही उगवायचं, तिथे एकच पीक उभं राहतं. दहा वनस्पतींवरचे कीटक एका वनस्पतीवर मावत नाहीत. जे मावतात ते उपद्रवीच: कपाशीवरचा पिठ्या ढेकूण गाजरगवतावर तग धरतो आणि हंगामात शेतात उतरतो. माणसांना होणारी त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी आहेच, म्हणून उपटताना हातमोजे आणि तोंडाला फडकं विसरू नका.

१२. परक्या झाडावर आपला एकही कीटक जगत नाही का?

जगतात की, आणि हे अपवाद फार बोलके आहेत. काठावरच्या कुंपणांवर चढणारं, जाळीदार आवरणाच्या फळांचं रानटी कृष्णकमळ अमेरिकेतलं. पण टॉनी कोस्टर फुलपाखराच्या काटेरी अळ्या त्यावर मजेत वाढतात. बेशरमाच्या पानांवर गोल भोकं पाडणारे, उलट्या वाटीसारखे कासवभुंगेरे सहज सापडतात. याच जातकुळीच्या देशी वेलींवर ते आधीपासून होते, म्हणून त्यांना हे पान ओळखीचं वाटलं. ज्या परक्या वनस्पतीची भावकी इथे आहे, तिच्याकडे इथले कीटक लवकर वळतात.

आणखी एक: ओसाडी आणि रानमोडीवर टायगर आणि क्रो गटातल्या फुलपाखरांचे नर घोळक्याने जमतात. ते तिथून अल्कलॉइड नावाची विशिष्ट रसायनं गोळा करतात, मादीला आकर्षित करण्यासाठी लागणारा गंध बनवायला. खुळखुळ्यासारख्या देशी झाडांवरही त्यांना ती मिळतात.

हे अपवाद मोजके. बहुतेक वेळा फायदा होतो तो जे मिळेल ते खाणाऱ्या, सगळीकडे सापडणाऱ्या जातींचा. एकाच झाडावर अवलंबून असलेल्या जाती मागे पडतात.

१३. परदेशातून कीटक आणून सोडले की प्रश्न सुटत नाही का? ते नवीन संकट ठरणार नाहीत का?

भारतात हे बऱ्याच वर्षांपासून केलं जातं. जलपर्णीसाठी निओकेटिना जातीचे सोंडे (सोंडेसारख्या तोंडाचे भुंगेरे) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणले. पानांवर खरवडल्यासारखे छोटे चौकोनी डाग दिसले तर ते त्यांचं काम. बंगळूरच्या काही तलावांत त्यांनी जलपर्णी चांगलीच आटोक्यात आणली. जिथे सांडपाण्याचा खुराक भरपूर, तिथे मात्र जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते.

गाजरगवतासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा भुंगेरा आणला आणि १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. पिवळसर पाठीवर काळ्या नागमोडी रेषा. पावसात तो पूर्ण झाडाची चाळण करतो, कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन झोपतो. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा वाद झाला. तपासात असं पुढे आलं की गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडले की तो तिकडे वळतो, एरवी त्याचा संसार गाजरगवतावरच चालतो.

माझं मत: असे कीटक फक्त नीट चाचणी करून, सरकारी संशोधन संस्थांमार्फतच सोडावेत. इंटरनेटवर वाचून कुणीही पार्सलने मागवून नदीवर सोडू नयेत.

१४. झाडं काढली तर गेलेले कीटक खरंच परत येतात का?

येऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण मला फार आशा देतं. तिथल्या केप भागातल्या ओढ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळींनी काठ झाकून टाकले होते. उन्हात वावरणाऱ्या स्थानिक चतुर-टाचण्या त्या गर्द सावलीत टिकल्या नाहीत. १९९५ पासून सरकारी ‘वर्किंग फॉर वॉटर’ कार्यक्रमात या बाभळी तोडायला सुरुवात झाली. कीटकशास्त्रज्ञ मायकेल सॅमवेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ओढ्यांवर नोंदी ठेवल्या, आणि ऊन पाण्यावर परतल्यावर जगात फक्त तिथेच असलेल्या काही जातीही परतल्या.

एक अट लक्षात घ्या. जवळपास कुठेतरी त्या जाती शिल्लक असाव्या लागतात आणि पाणी स्वच्छ असावं लागतं. आपल्याकडे वरच्या धरणक्षेत्रातल्या ओढ्यांत हे दोन्ही अजून आहे, म्हणून ते ओढे जपणं फार महत्त्वाचं.

१५. रविवारी शंभर जण जमवून सगळी घाणेरी उपटली तर? किंवा तणनाशक मारलं तर?

तणनाशक नदीकाठी नकोच. मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते आणि प्रश्न ५ मध्ये सांगितलेलं गुदमरणं एका आठवड्यात घडतं.

सगळं एकदम उपटण्याची चूक आम्ही स्वतः केली आहे. पावसाआधी एक मोठा पट्टा मोकळा केला, आनंदाने फोटो काढले, आणि ऑगस्टमध्ये तिथे कमरेएवढं गाजरगवत उभं होतं. फुलंही गेली होती, त्यामुळे त्या वर्षी मधमाश्या आणि फुलपाखरंही कमी आली. आता आम्ही छोटे तुकडे घेतो. एका तुकड्यातली घाणेरी काढायची, तिथे देशी रोपं लावायची, ती फुलू लागली की शेजारचा तुकडा. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार इंचांवर, खोड आणि मूळ मिळतात त्याच्या खाली तोडायची आणि उलटी टांगून वाळवायची. गाजरगवत फूल येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट. काम सुरू करण्याआधी जागेची परवानगी घ्या आणि झुडपात पक्ष्याचं घरटं नाही ना, हे बघा.

१६. त्या जागी काय लावावं?

पाण्याच्या अगदी कडेला लव्हाळं, वाळा आणि तालिमखाना. तालिमखान्याची जांभळी-निळी फुलं मधमाश्यांना आवडतात आणि पानांवर पॅन्सी गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. खडकाळ पात्रात शेरणी, जिची मुळं कातळ धरून पुरातही उभी राहतात. काठावर थोडं उंच वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर. उन्हाळ्यात करंज फुलला की काळे भुंगे दिवसभर घुमत असतात, आणि उंबराच्या फळात तर बारक्या गांधीलमाश्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. विदर्भात वैनगंगेसारख्या नद्यांवर अर्जुन लावा. टसर रेशमाच्या पतंगाच्या अळ्या त्यावर पोसल्या जातात.

रोपवाटिकेतून गुलमोहर, रेन ट्री, गिरिपुष्प फुकट मिळतात म्हणून नदीकाठी लावू नका.

१७. आपल्याकडचं एखादं झाड परदेशात असा त्रास देतं का?

देतं. आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद १८३९ मध्ये बागेसाठी ब्रिटनला नेला गेला. आज युरोपातल्या नद्यांचे काठ त्याने गुलाबी केले आहेत. त्याच्या फुलात मध इतका की बंबलबी नावाच्या केसाळ माश्या शेजारची स्थानिक फुलं सोडून त्याच्याकडे जातात, आणि त्या फुलांना बी कमी धरतं, असं जर्मनीत दिसून आलं. ब्रिटनने २०१४ पासून त्यावर भारतातूनच नेलेली तांबेरा बुरशी सोडायला सुरुवात केली. त्याच्या मधाची ही गोष्ट प्रश्न १० मधल्या आपल्या घाणेरीशी ताडून बघा.

१८. मला शास्त्र येत नाही. माझ्या नोंदींचा काही उपयोग होईल का?

होईल, पण नियमित हव्यात. घराजवळच्या काठावरचा शंभर पावलांचा पट्टा ठरवा. महिन्यातून दोनदा, ऊन असताना, सकाळी दहाच्या सुमारास तोच पट्टा त्याच वेगाने चाला. पाण्याचा किती भाग झाकलाय, किती चतुर अंडी घालताना दिसले, आणि पाच ठरलेल्या झाडांची दहा-दहा पानं उलटल्यावर किती पानांवर खाल्ल्याच्या खुणा आहेत, एवढं वहीत लिहा. जाती ओळखता आल्या नाहीत तर फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, जाणकार नाव सांगतात. काहीच दिसलं नाही त्या दिवशीही तारीख टाकून शून्य लिहा. दोन पावसाळे उलटल्यावर त्याच वहीतून जलपर्णी काढण्याआधीचा आणि नंतरचा फरक वाचता येईल.